दोन हाका

गडचांदूर
ता. १२ ऑगस्ट १९८५

चि. गुलाबले श्रावणचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र भेटलं. ऑक्टोबरात इंग्रजीच्या पेपरले पुन्हा बसते म्हणतेस, लय बरं वाटलं. बाकी साऱ्या विषयांत पास अन् मार्चात तापानं पेपर बुडाला म्हणून एकट्या इंग्रजीत तू नापास, हे मले अजून पटत नाई. नर्सबाईच्या ट्रेनिंगची जागा याच पेपरासाठी अडली आहे. या खेपेले चुकली तर मंग जागा गेलीच समज. मी काई मास्तर नाई, खाणीवर हजेरी लिहिणारा माणूस. पण साहेबाच्या चिठ्ठ्या वाचून जेवढं आलं तेवढं टपालानं पाठवतो.

वाक्यं तीन जातीची. केवल वाक्य एकटंच चालते: 'मदर कुक्स राइस.' संयुक्त वाक्यात दोन बरोबरीची वाक्यं 'अँड' नाईतर 'बट'नं जोडतात, सोडवली तरी दोन्ही आपल्या पायावर उभी. मिश्र वाक्यात एक मोठं अन् एक कडेवरचं लेकरू. 'व्हेन', 'बिकॉज' लागलं का ओळखाचं. ते लेकरू खाली ठेवलं तर चालत नाई.

घरातलीच वाक्यं करून पाठव. गाइडातून उतरवशील तर कान पिळीन, इथून बी पुरते माझा हात. आईच्या गुडघ्याले तेल लावत जा.

तुझा भाऊ
श्रावण


मोहटोला
ता. २६ ऑगस्ट १९८५

तीर्थरूप श्रावणभाऊले गुलाबचा शि. सा. न.

आई बरी आहे, गुडघा तेवढा कुरकुरते. धानाची रोवणी झाली. कान पिळाले तुले दिवाळीत घरी या लागन, म्हणून मी भीत नाई.

केवल वाक्यं घे: 'फादर वेंट टु द फॉरेस्ट. आय वेंट विथ हिम. ही कॉल्ड मी. ही कॉल्ड मी अगेन. आय वॉज सायलेंट.'

बाकीच्या दोन जाती जमून नाई राह्यल्या. एका वाक्याले दुसरं जोडाले बसली का हातच थांबते. रागावू नको.

तुझी
गुलाब


गडचांदूर
ता. ५ सप्टेंबर १९८५

चि. गुलाबले आशीर्वाद.

पाचही वाक्यं बरोबर. लाल पेन उघडाचं काम नाई पडलं. पण मी ती तीन खेपा वाचली, पोरी. बाबाले वाघानं नेलं त्याले दीड वर्ष झालं. त्या दिवशी तू मोहफुलं टाकून आधीच घरी परतली होती, असंच तू साऱ्यांना सांगतलं. मंग बाबानं हाक कोणाले मारली?

मराठीत लिहिणं होत नसन तर इंग्रजीत लिही. आपल्या टोल्यात ते कोणाले वाचता येत नाई. पण लिही. मले झोप नाई.

श्रावण


मोहटोला
ता. १९ सप्टेंबर १९८५

तीर्थरूप भाऊले शि. सा. न.

तुले माहीत आहे, आईनं लहानपणापासून शिकवलं. रानात तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नाई, मेलेलं माणूस दोनदाच हाक मारते. मी नाल्याच्या अंगाले मोहाखाली फुलं वेचत होती. बाबानं हाक मारली. मंग आणखी एक. बाबा नेम पाळणारा माणूस, तिसरी मारीनच, म्हणून मी वेचतच राह्यली. तिसरी आली नाई. मी पाहाले गेली तर बाबाची नुसती टोपली होती. मी पळाली.

हे घे तुझं मिश्र वाक्य: 'आय डिड नॉट आन्सर बिकॉज ही कॉल्ड ओन्ली ट्वाइस.'

मार्चात इंग्रजीच्या पेपरच्या दिवशी मले ताप नव्हता. बसच्या सडकेले त्याच मोहाखालून जा लागते. मागून दोन हाका आल्या, बाबाच्याच आवाजात. मी घरी परत आली. आता सांग, ऑक्टोबरात कशी जाऊ? आईले नको सांगू. नेम तिनंच शिकवला, तिचा जीव जाईन.

गुलाब


गडचांदूर
ता. २८ सप्टेंबर १९८५

माझ्या गुलाबले आशीर्वाद.

वाक्य बरोबर आहे. तुझी चूक नाई. तू ओ दिली असती तर बाबा वाचले असते का, मले खरंच माहीत नाई, खोटा धीर देत नाई. मी बी त्या मोसमात सुटी काढून येतो म्हणून लिहिलं होतं, अन् आलो नाई. बाबाच्या जोडीले मी असाले पायजे होतो. हे मी कोणाले बोललो नाई.

मी आईले सांगणार नाई. तूच सांग. अन् पेपरच्या दिवशी तिलेच संगं घे. एकटी त्या वाटेनं नको जाऊ, हात जोडतो.

श्रावण


चामोर्शी
ता. १७ ऑक्टोबर १९८५

तीर्थरूप भाऊले गुलाबचा शि. सा. न.

इथं चामोर्शीले पेपर झाला. पुरा लिहिला, एकही प्रश्न नाई सोडला. निकालाचं निकालावर.

आईले सांगतलं. दोन दिवस ती चुलीपुढंच बसून राह्यली. तिसऱ्या दिवशी डोक्यावरून हात फिरवला अन् म्हणाली का यापुढं पहिल्याच हाकेले ओ देत जा, काय व्हाचं ते होऊ दे.

आज सकाळी ती काठी घेऊन पुढं, मी मागं. मोह ओलांडला अन् मागून हाक आली. एकच. पण मी दिली, भाऊ, छाती फाटेस्तोवर ओ दिली.

आई थांबली. मी वाट पाह्यली का आता ती इचारीन, कोणाले ओ दिली म्हणून. तिनं मागं वळून बी नाई पाह्यलं. काठी टेकून तशीच उभी राह्यली, अन् मंग तिनं बी ओ दिली.

आशीर्वाद असू दे.

तुझी
गुलाब