उरलेलं कुणी संपवायचं?

ती. आईला,
पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी ठीक आहे. खोलीत ऊन येतं, जेवण वेळेवर होतं. ऑपरेशनचे टाके सुकले का? तू सकाळी अंगणात फेऱ्या मारतेस, हे ऐकून फार बरं वाटलं. शाब्बास!

पण दादा फोनवर हसत म्हणाला, "कालची उरलेली भाजी संपवून आईला उलटी झाली, पण भाजी काही वाया गेली नाही!" मला किळस आली, भाजीची नाही, त्याच्या हसण्याची. वजनासाठी ऑपरेशन करून पोट लहान करून घेतलंस, तरी सगळ्यांचं उष्टं अजून तुझ्याच ताटात? बाबांनी अर्धवट चावलेला तुकडा, दादाने चिवडलेला भात! शी! तुझं पोट म्हणजे घरातली कचरापेटी नव्हे.

डॉक्टरांनी सांगितलंय तसं बारीक चावून खा. पोट भरल्यासारखं वाटलं की ऊठ. जेवताना पाणी नको, नंतर घोट घोट पी. पुन्हा उलटी झाली तर लपवू नकोस, लगेच दवाखान्यात जा. मला फार भीती वाटते गं. घरात शिकलेली मी पहिलीच, म्हणून शहाणपण शिकवते, असं बाबा म्हणतील. म्हणू देत.

अन्न टाकलं की पाप लागतं, हे तूच शिकवलंस. काल खानावळीत मैत्रिणीने अर्धं ताट तसंच सोडलं आणि माझा हात आपोआप तिकडे गेला. मला माझीच शिसारी आली. मग उठून ते ताट मी कचऱ्यात ओतलं.

तूही ओत. पाप लागलंच तर मला लागू दे.

तुझीच,
धाकटी