कृष्णपक्षाचा ठराव

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

ड्रमर काढला! जिवंत माणूस समोर बसलेला असताना त्याच्या जागी डबा आणून ठेवला!

काल दांडिया बाजारात कृष्णपक्षाची, आमच्या गॉथिक संगीतवाल्यांच्या गटाची, बैठक होती. मालविकाने तिच्या 'काजळी' बँडची नवी गाणी ऐकवली. तिचा आवाज तोच — विहिरीतून वर येणारा. गिटारही तेच. पण खाली ड्रम मशीनची ठकठक आणि वर सिंथेसायझरचा गारेगार धूर. मी म्हटलं, "आणि क्षितिज कुठाय?" क्षितिज शेजारच्याच खुर्चीत होता. म्हणाला, "इथंच आहे की." सगळे हसले. मला हसू आलं नाही.

"मग वाजवत का नाहीस?"

त्याच्याऐवजी मालविकाच बोलली. "मशीन ही माझी कल्पना आहे, प्रतिमा. जरा वेगळा आवाज हवासा वाटला."

हवासा वाटला! पडदे बदलावेत तसं!

रात्रभर मनात वाद घातला तिच्याशी. गॉथिक संगीत मरणाबद्दल बोलतं. मरणाबद्दल बोलायचा हक्क ज्याला मरता येतं त्याला आहे. यंत्र मरत नाही, त्याची फार तर वॉरंटी संपते. (हे भाषणात वापरायचं.)

१२ नोव्हेंबर

ग्रुपवर युद्ध. सकाळपासून दोनशेच्या वर मेसेज. अर्धे माझ्या बाजूचे, अर्धे यंत्राचे गुलाम. त्यांचा सेनापती धवल — जाड तळव्यांचे बूट, कपाळावर वडिलांच्या मकरपुऱ्याच्या वर्कशॉपमधला वेल्डिंगचा गॉगल. त्याने लिहिलं, "प्रतिमाबेन, आ म्युझिक छे, म्युझियम नथी!" खाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

पुढे म्हणतो, इंग्लंडात या संगीताची सुरुवात झाली तेव्हाच काही बँडकडे ड्रम मशीन होतं, मग तुम्ही कुठली परंपरा सांगता? हे मलाही ठाऊक आहे. तो जन्मायच्या आधीपासून ठाऊक आहे! पण त्या पोरांना ड्रमर मिळत नव्हता. माणूस नव्हता म्हणून यंत्र आलं. आपल्याकडे माणूस आहे! हेच लिहिलं. 

मग धवल: "ओके बेन, नवरात्रीमां मळीए." गरब्याच्या मंडपात आता सगळा ताल यंत्राचाच, म्हणून 'नवरात्रीत भेटू' हा टोमणा. म्हणजे तिथेही तेच आणि इथेही तेच? मग आपण काळे कपडे घातले कशासाठी?

१७ नोव्हेंबर, रविवार

क्षितिजला सूरसागर तलावापाशी बोलावलं. सेव-उसळ खाऊ म्हटलं, तर म्हणे पोट भरलंय, चहाच घेतो. रिक्षाने आला होता. मोटारसायकल कुठे? "पडून आहे." हा माणूस सुभानपुऱ्याहून भाजी आणायलाही तिच्यावर बसून जायचा!

मी त्याला सगळं सांगितलं. त्याच्यावर अन्याय होतोय, आम्ही गप्प बसणार नाही, एकवीस डिसेंबरच्या वार्षिक मैफलीत ड्रमवर तोच बसेल. तो ऐकत होता. कॉलेजपासून तो असाच. मी बोलायचं आणि त्याने ऐकायचं. वक्तृत्व स्पर्धांना पहिल्या रांगेत बसायचा, मी आवाज चढवला की गुडघ्यावर ताल धरायचा.

शेवटी इतकंच म्हणाला, "तुला ती गाणी अजिबातच नाही आवडली?"

"अजिबात नाही."

"एखादा ठोकासुद्धा?"

काय हा प्रश्न! स्वतःच्या गळ्यावरच्या सुरीची धार कशी आहे, म्हणून विचारतोय! चिडले मी. उसळही तिखट होती.

२० नोव्हेंबर

मालविका माझे फोन घेत नाही. शाबास.

२४ नोव्हेंबर, रविवार

चोरी! शुद्ध चोरी!

शत्रूचं म्हणणं नीट माहीत असल्याशिवाय व्यासपीठावर चढायचं नाही, हा माझा नियम. म्हणून दुपारी दार लावून ती गाणी पुन्हा ऐकली. हेडफोनवर, मोठ्या आवाजात. तिसऱ्या गाण्यात थबकले. मागे नेलं. परत ऐकलं.

चौथा ठोका उशिरा येतो. अगदी केसभर. क्षितिज असाच वाजवतो — हात वर नेतो, जरा थांबतो, मग टाकतो. कॉलेजात यावरून त्याला किती चिडवायचो आम्ही! "क्षितिजचा चौथा बसने येतो." जगात दुसऱ्या कोणाचा ठोका असा पडत नाही. यंत्राचा तर नाहीच.

म्हणजे यांनी त्याची जुनी रेकॉर्डिंग फोडून यंत्रात भरली. त्याचा हात घेतला आणि त्याला ठेवला बाहेर!

मालविकाला दुसऱ्या नंबरवरून फोन केला. सरळ विचारलं, "तो चौथा ठोका क्षितिजचा आहे ना?" ती अगदी हळू म्हणाली, "तुला ऐकू आलं?"

"मला सगळं ऐकू येतं."

"प्रतिमा, तू क्षितिजशी बोललीस का?"

"तासभर बोलले."

"तसं नाही गं. त्याला काही विचारलंस का?"

न्यायाच्या बाजूने उभं राहायला परवानगी घ्यायची असते का? फोन ठेवला.

१ डिसेंबर

शुक्रवारच्या सभेसाठी ठराव लिहिला. दोन वाक्यं. तलवारीसारखी.

६ डिसेंबर, शुक्रवार

जिंकलो!

सगळं लिहून ठेवते, हात अजून गरम आहेत.

सभागृह मराठी मंडळाचं, त्यामुळे नियमही मंडळाचेच. जोडे बाहेर. अठरा भोकांचे काळे बूट सोडवता सोडवता अर्धा तास गेला. धवल पायरीवर बसून नाडीशी झगडत होता आणि मंडळाचे चिटणीस अरविंदकाका वर उभे राहून म्हणत होते, "अरे, वेळेवर यायचं तर चपला घाला की राजा!" मग आत काजळ घातलेली आमची सगळी सेना मोज्यांवर.

काका गॉथिक ऐकत नाहीत. "ते तुमचं सुतकी संगीत" म्हणतात. पण सभा म्हटली की त्यांना राहवत नाही. अध्यक्षपदी तेच. "आधी सूचक, मग अनुमोदक, मग चर्चा. ओरडाओरडा नाही!"

मी ठराव वाचला: कृष्णपक्षाच्या वार्षिक मैफलीत ताल माणसाने वाजवलेला असावा. यंत्राच्या तालावर गाणाऱ्या बँडला मंच देऊ नये. सूचक, प्रतिमा. अनुमोदक, क्षितिज.

त्याला आधी सांगितलं नव्हतं. मुद्दाम. सभेत नाव उच्चारलं की माणसाला बळ येतं. काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "क्षितिजराव, अनुमोदन आहे ना? हात वर करा." सगळ्यांच्या माना वळल्या. त्याने डावा हात वर केला. उजवा खिशात होता.

मग मी बोलले. पंधरा मिनिटं. कागद नाही. मरण, वॉरंटी, "आपल्याकडे माणूस आहे!" — सगळं जिथल्या तिथे पडलं. आणि शेवटी तो चौथा ठोका. गाणं वाजवून दाखवलं. म्हटलं, "ऐका! हा रेंगाळलेला ठोका ऐका! हा एका माणसाचा श्वास आहे. शंभर ड्रमर उभे करा, मी डोळे मिटून हा ओळखीन. या लोकांनी तो डब्यात कोंडलाय, आणि तो माणूस बघा — तिथे प्रेक्षकांत बसलाय!"

टाळ्या! मालविका पांढरीफटक. उठून काहीतरी बोलणार, एवढ्यात क्षितिजने तिच्याकडे बघून मान हलवली. नको म्हणून. इतका भला माणूस! ज्यांनी लुटलं त्यांनाही वाचवतो!

धवल बोलायला उठला, पण आज मराठीत बोलायला गेला आणि अडखळला. "मशीनमागे पण माणूस असते ना, बेन?" मी म्हटलं, "असतो. बटण दाबणारा." हशा.

सहा मतांनी ठराव मंजूर. मालविका ठरावावर सही न करता निघाली. दारातले बूट हातात घेऊन, मोज्यांवरच. जाताना माझ्या खांद्याजवळ थांबली. "छान बोललीस," म्हणाली. टोमणा असणार. असू दे.

क्षितिज कधी गेला कळलंच नाही.

९ डिसेंबर

ड्रम सेटची सोय झाली. चांगला आहे, लाकूड जुनं. क्षितिजला फोटो पाठवला. संध्याकाळी उत्तर: "मी नाही वाजवणार. दुसरा बघ."

दुसरा बघ?! ज्याच्यासाठी मैत्री मोडली, ग्रुप फुटला (धवलने आजच वेगळा काढला, अर्धे तिकडे गेले), तोच पाठ फिरवतो! अन्याय करणाऱ्यापेक्षा मला तो मुकाट सोसणाऱ्याचा राग जास्त येतो. नेहमीच आलाय.

११ डिसेंबर

फोन उचलत नाही. भित्रा!

१३ डिसेंबर

उद्या जाऊन तोंडावर विचारते. काय काय बोलायचं ते ठरवलंय. शेवटचं वाक्यही ठरलंय.

१४ डिसेंबर, शनिवार

सुभानपुऱ्याला गेले. त्याच्या आईने, पद्माकाकूंनी, दार उघडलं. "ये गं, बेस." क्षितिज आत पलंगावर, सदऱ्याची बटणं डाव्या हाताने लावत होता. उजवा मांडीवर पडलेला. ठरवलेलं एकही वाक्य आठवेना. म्हटलं, "हाताला काय झालं?" पहिल्यांदाच विचारलं.

म्हणाला, "मार्चपासून नस दबलीये. स्टिक धरली की तिसऱ्या ठोक्याला सुटते. चौथ्यापर्यंत पोचतच नाही. मशीन मीच भरली, डाव्या हाताने, एकेक ठोका. मैफलीत तीच वाजवणार होतो. मालविकाला म्हटलं होतं, तुझी कल्पना म्हणून सांग."

मग म्हणाला, "सभेत तू चौथा ओळखलास ना, घरी येऊन आईला पहिलं तेच सांगितलं मी. ठरावाचं दुसऱ्या दिवशी सांगितलं."