काचेच्या कपाटातलं आपलं तेल

तीर्थरूप पारास्काताईस धाकट्या ओरेस्टचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. तुझा गुडघा, तुझ्या कोंबड्या आणि तुझी रिंक-समिती, तिन्ही कशा आहेत ते कळव. (गुडघ्याचं आधी.) मी सुखरूप पोचलो, पण अजून धड शुद्धीवर आलेलो नाही.

समितीनं मला कशाला पाठवलं ते विसरलेलो नाही. आपल्या बर्फाच्या रिंकचं छप्पर वाकलं, दाराला टाळं लागून दोन हिवाळे झाले, पोरांचे स्केट्स खिळ्याला लटकलेत आणि सरकार म्हणतं पैसा नाही. मग परदेशात तेल खपवायची कार्यालयं थाटायला कुठून येतो, ते डोळ्यांनी बघ आणि गुरुवारच्या सभेत वाचता येईल असं लिही, हे तूच बजावलंस. तिथला मुख्य साहेब तुझाच मुलगा दानिलो आहे म्हणून लिहिताना हात आखडायचा नाही, हेही तुझंच. (माझं एडमंटनपासूनचं तिकीट त्यानंच काढलं. कुणाच्या पैशानं, ते विचारायचं राहिलं.) तेव्हा आता खाली बस आणि वाच.

कार्यालय एकतिसाव्या मजल्यावर, उघडून सहा वर्षं झालेली. दारात पेंढा भरलेला रानरेडा. एका खोलीत छतापर्यंत पांढऱ्या काऊबॉय टोप्या, कारण पाहुणा आला की त्याच्या डोक्यावर टोपी ठेवल्याशिवाय आपल्या लोकांना चैन पडत नाही. कोपऱ्यात गुडघ्याएवढा तेलपंप विजेवर दिवसभर मान हलवतो. मी तीस वर्षं विहिरींवर असले पंप सांभाळले, पण गालिच्यातून तेल उपसणारा हा पहिलाच पाहिला. आणि मधोमध काचेचं कपाट, वर दिवा, आत कुपी, खाली पाटी : आमचं तेल. खोटं कशाला बोलू, माझा ऊर भरून आला.

संध्याकाळी खरेदीदारांना मेजवानी होती. तेल कसं ओळखायचं, असं एका म्हाताऱ्या बाईंनी मला विचारलं. आता तेलाच्या माणसाला हे विचारल्यावर तो गप्प बसेल का? मी कपाट उघडलं, कुपीत बोट बुडवलं, आपण विहिरीवर करतो तसं अंगठ्यावर चोळलं आणि हुंगलं. माझा नाकावर विश्वास बसेना, म्हणून चाटलं. ताई, काकवी! निव्वळ काकवी! मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की वाजंत्री थांबली.

दानिलो धावत आला आणि कानात म्हणाला, "मामा, हळू! विमानात कच्चं तेल आणू देत नाहीत."

"अरे, सहा वर्षं?"

"रंग अगदी तसाच आहे की. खालच्याच दुकानातली आहे."

सहा वर्षांत या कार्यालयात आपल्या तेलाचा थेंब आलेला नाही. आणि कुणी मागितलंच तर? बंदरापर्यंत तेल नेणाऱ्या नळवाहिनीत आपल्याला जागाच नाही, ती मिळेतोवर ओळख वाढवतो, असं तो शांतपणे म्हणाला. तेवढ्यात त्या बाईंनीही बोट बुडवून चाटलं आणि अशी किती पिंपं मिळतील ते विचारलं. म्हणजे त्यांच्याच गावची काकवी त्यांनाच! दानिलोनं ते लगेच टिपून घेतलं. सरकारला पाठवायच्या त्याच्या अहवालात वाक्य असं आहे : खरेदीदारांनी प्रथमच ठोस मागणी नोंदवली. मला रात्रभर झोप आली नाही. एका रानरेड्याच्या पैशात आपलं अर्धं छप्पर झालं असतं. मी ते छप्पर मिळवल्याशिवाय गप्प बसणार नाही.

तुझा,
ओरेस्ट

ता. क. हे पत्र गुरुवारी वाचू नकोस. दानिलोनं मला तीन महिन्यांसाठी तेलतज्ज्ञ नेमलंय. कुणी कुपी उघडू लागलं की त्याला बोलण्यात गुंतवायचं, एवढंच काम. शेवटी तुझंच लेकरू आहे, त्याची नोकरी जायला नको.

आणखी एक. या इमारतीच्या तळघरात बर्फाची रिंक आहे. बाहेर अंगाची लाही होते आणि आत पोरं घसरतायत. कठड्याला धरून तासभर उभा राहिलो. आपल्या गावची पोरं आठवली आणि ताई, मी रडलो. कार्यालयातल्यांना प्रवेश फुकट आहे.

शेवटचं. माझे स्केट्स गॅरेजच्या दारामागं खिळ्याला आहेत. धार लावून पाठव, आणि समितीतल्या कुणाला दिसू देऊ नकोस.