तिमोतेची तब्येत

व्हिक्टोरिया, माहे
१४ फेब्रुवारी १९५६

ति. फिलोमेनताईस,
धाकट्या गास्तोंचा शि. सा. न. वि. वि.

आपल्या नोएलाचं लग्न ठरलं! मुलगा आर्सेन, बंदरावर कारकून आहे. मुलगा चांगला, घर चांगलं, फक्त घरात आजी आहे. मादाम आग्लाए. वय ब्याऐंशी, दात चार, पण शब्द एकही खाली पडू देत नाही. बोलणी करताना तिने आमच्या घराविषयी काही विचारलं नाही, शेताविषयी नाही. एवढंच विचारलं की मुलीचं कासव आहे ना? मी छाती फुगवून सांगितलं की आहे तर!

मुलगी जन्मली की कासवाचं पिल्लू आणायचं आणि तिच्या लग्नात त्याचा रस्सा पंगतीला वाढायचा, हे इथे आता कोणी पाळत नाही. पण म्हातारीने पोराच्या आईबापांसमोर बजावलं की कासव नाही तर लग्न नाही, आणि त्या घरात तिच्यापुढे मान वर करायची कोणाची टाप नाही. नशीब, नोएला जन्मली त्या दिवशी मी माझ्या टोपीतून तिमोतेला घरी आणलं होतं. आम्ही माहे बेटावर आलो तेव्हा ते मावसभाऊ ओनेझिमकडे ठेवलं, त्याला बारा वर्षं झाली. ताई, ते तुझ्याकडे आण आणि चांगलं गुबगुबीत कर. लग्न तिकडेच, तुमच्या ला दीग बेटावर, पंधरा ऑगस्टच्या चर्चच्या सणानंतरच्या शनिवारी. माणसं दोनशे.

तुझा लोभ मला पाळण्यापासून आहे, तो लग्नापर्यंत तरी आटू देऊ नकोस.

तुझा,
गास्तों

ला दीग
२८ फेब्रुवारी १९५६

चि. गास्तों यास,
फिलोमेनचे अ. आ. (आशीर्वाद नावापुरते आहेत. पुढे वाचलंस की कळेल.)

तिमोतेला आणलं. बैलगाडीत घालून आणावं लागलं, कारण त्याच्या पायांत चालण्याइतका जीव नाही. ओनेझिमने त्याला डुकराच्या रिकाम्या खुराड्यात ठेवलं होतं. सावली नाही, पाणी नाही, खायला कोंडा नि शिळा भात. आणि पाठीवर फळी टाकून त्याचं बाक केलं होतं! बारा वर्षं हा गृहस्थ त्याच्यावर बसून संध्याकाळची माडी पीत होता. मी विचारलं की मेल्या, लाज नाही वाटली? तर म्हणतो कसा, की त्याने कधी तक्रार केली नाही.

डोळे सुजून मिटलेत. पाठ एका बाजूला भिजल्या बिस्किटासारखी मऊ आहे, आणि फळीखाली जखम होऊन तिला वास सुटलाय. खोबऱ्याच्या काट्यावर वजन भरलं सत्तर रत्तल. या वयाचं कासव तिप्पट असतं. बारा वर्षांत तू एकदा तरी चौकशी केलीस का? मी तरी केली का, असं तू विचारशील. नाही केली. ओनेझिमचं घर माझ्यापासून दीड मैलावर, आणि मी एकदाही त्या खुराड्यात वाकून पाहिलं नाही. ते मला झोंबतंय, म्हणून तुला शिव्या देते आहे.

दवाखान्यातल्या सिस्टरबाई म्हणाल्या की कासव त्यांच्या पुस्तकात नाही, पण जखम ती जखमच, आणि आयोडीनची बाटली दिली. रोज सकाळी त्याला कपडे धुवायच्या टबात कोमट पाण्यात बसवते, जखम धुते, मग उन्हात ठेवते. माझी व्हॅनिलाची फुलंही नेमकी सकाळीच उमलतात आणि दुपारी मिटतात. तेवढ्या वेळात एकेक फूल काट्याने फळवायचं असतं. त्यामुळे सध्या माझ्या एका हातात काटा आणि दुसऱ्यात कासव आहे.

लोभ आहे, पण आत्ता तो काढून दाखवायला वेळ नाही.

फिलोमेन

माहे
२२ मार्च १९५६

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. ओनेझिमला मी लग्नात पंगतीच्या शेवटी बसवीन. पण सहा महिन्यांत डुक्कर तयार होतं, मग कासवाला काय धाड भरली आहे? सोबत टॉनिकची बाटली पाठवतो, दिवसातून दोनदा पाज. इथे दोनशे माणसांची देग सांगून ठेवली आहे. मादाम आग्लाए दर रविवारी चर्चच्या पायरीवर मला गाठते आणि सगळ्यांसमोर विचारते की कासव कसं आहे. माझ्या बायकोची तब्येत तिने अजून एकदाही विचारलेली नाही.

वजन कळवत राहा, म्हणजे लोभ पोचला असं समजेन.

गास्तों

ला दीग
१५ एप्रिल १९५६

चि. गास्तोंस,
अ. उ. आ.

तुझं टॉनिक मी घेतलं. मला चांगला गुण आला.

तिमोतेचे डोळे उघडले! पहिल्यांदा त्याला मी दिसले, तेव्हा त्याने ते पुन्हा मिटून घेतले. आल्यापासून दोन आठवडे तो काही खात नव्हता. मी भोपळा किसून, घोळीची भाजी निवडून, जास्वंदीची पानं तोंडाशी धरून थकले. एक दिवस माझ्या झग्यावरच्या छापील लाल फुलाला त्याने तोंड घातलं आणि कापडासकट ओढायला लागला. तेव्हापासून खातोय. किनाऱ्यावरचं समुद्रफेन, म्हणजे माकुलाची पांढरी हाडं, वेचून त्यांची पूड पाल्यावर भुरभुरते, त्याने पाठ घट्ट होते असं जुनी माणसं सांगतात, आणि होतेय. वजन शहात्तर.

आणखी एक. कासवाच्या मागच्या पायाच्या बेचक्यात खाजवलं, की ते चारही पाय ताठ करून उभं राहतं, मान लांब बाहेर काढतं आणि सुखाने डोळे मिटतं. अंगात बळ नसलं तर मात्र काही केल्या उठत नाही. मी रोज खाजवून बघायची. काल तो उठला. मी अंगणात एकटीच टाळ्या वाजवत होते. तुझे दाजी थेओफिल गेल्यापासून या घरात माझ्या पावलांच्या आवाजाने मान वर करणारं कोणी नव्हतं, गास्तों.

लोभ वाढतोय, आणि तो तुझ्यावरचाच आहे असं समजू नकोस.

फिलोमेन

माहे
९ मे १९५६

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

वा, ताई, वा! तुझं पत्र वाचून तोंडाला पाणी सुटलं. या हिशेबाने ऑगस्टपर्यंत शंभर रत्तल सहज होईल. आचाऱ्याशी बोललो. तो म्हणतो की सुखात वाढलेल्या कासवाचा रस्सा जास्त दाट होतो, तेव्हा खाजवणं अजिबात थांबवू नकोस.

लोभ असावा, मसाला मी आणतो.

गास्तों

ला दीग
३ जून १९५६

चि. गास्तोंस,
अ. आ.

कळवण्यास अत्यंत दुःख होतं की तिमोतेची तब्येत एकाएकी ढासळली. मान बाहेर काढत नाही. वजन एकसष्ट. अंगाला एक प्रकारचा कडू वास येतो, आणि असं कासव खाल्ल्यास दोनशे पाहुण्यांना जुलाब लागू शकतात असं एका जाणकार व्यक्तीचं मत पडलं. (व्यक्तीचं नाव सांगण्यासारखं नाही.) यंदा डुकरं मात्र फार छान आहेत.

कळावे, लोभ डुकरावर वळवावा.

फिलोमेन

माहे
९ जुलै १९५६

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुमच्या बेटावरून येणाऱ्या गलबताचा तांडेल काल भेटला. त्याने सांगितलं ते असं, की तुझ्या एकसष्ट रत्तलाच्या मरणोन्मुख कासवाने मागच्या रविवारी फादरांचा भोपळ्याचा मांडव आडवा केला. मग सिस्टरबाईंचे वाळत घातलेले पांढरे झगे अंगावर ओढून घेऊन ते चर्चच्या दारापर्यंत चालत गेलं, आणि ते पाहून दोन म्हाताऱ्यांनी गुडघे टेकले.

ताई, तू जन्मात पहिल्यांदा खोटं बोललीस, आणि तेही तुला धड जमलं नाही. तुझा जीव जडलाय हे मला कळतं. मी दगड नाही. पण पोरीचं लग्न मोडलं तर मी तिला काय सांगू? तुझ्या आत्याला कासव सोडवलं नाही म्हणून? म्हातारीचा माझ्यावर विश्वास उरलेला नाही. अकरा ऑगस्टला ती स्वतः माझ्याबरोबर कासव बघायला येते आहे.

या वयात आपल्यात लोभाचा तुटवडा नको, एवढंच मागणं.

गास्तों

ला दीग
१२ ऑगस्ट १९५६

चि. नोएला हिस,
आत्याचे अनेकोत्तम आशीर्वाद.

तुझे बाबा आज माझ्यासमोर बसून पत्र लिहायला धजत नाहीत, म्हणून मीच लिहिते. मादाम आग्लाए काल आली. मी पहाटेच तिमोतेला राख फासली होती, पाला काढून घेतला होता आणि घराच्या मागच्या सावलीत त्याला कोंबून कानात सांगितलं होतं की आज मेल्यासारखा राहा. राहिलाही बिचारा. म्हातारी काठी टेकत आली, त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि माझ्याकडे बघत तिने ती काठी सरळ त्याच्या मागच्या पायाच्या बेचक्यात घालून खाजवलं. झालं. आमचे महाशय राख झटकत ताठ उभे, मान हातभर बाहेर, डोळे मिटलेले. तुझ्या बाबांनी पिशवीतून दोरखंड काढला. मी तिमोतेच्या पाठीवर बसून राहिले. ओनेझिमसारखीच बसले, काय करणार, दुसरं काही सुचलं नाही. मी सांगून टाकलं की ज्याला मी स्वतःच्या हाताने मरणातून ओढून काढलं, त्याला देगीत घालायला माझा हात पुढे होणार नाही, आणि मी जिवंत असेपर्यंत दुसऱ्याचाही होऊ देणार नाही. आणि तुझी आठवण येऊन तिथेच रडू फुटलं, बाई, कारण मला तुझं लग्नही हवं होतं.

म्हातारी खाजवायची थांबली नव्हती. काठी टाकून ती खुर्ची मागवून बसली आणि नखांनी खाजवू लागली. बऱ्याच वेळाने म्हणाली की तिच्या कासवाचं नाव ओगुस्तीन होतं. ते शाळेच्या वाटेवर तिच्या मागोमाग यायचं. तिच्या लग्नात पहिला चमचा तिलाच भरवला, घशाखाली उतरेना, तेव्हा तिच्या आईने टेबलाखालून चिमटा काढला आणि तिने गिळलं. मी म्हटलं, मग बाई, तुम्हाला हे सगळं ठाऊक असून आमच्या पोरीमागे हा हट्ट का? तर तिने तोंडावर सांगितलं की आम्ही गिळलं, मग आजच्या पोरींना सूट का म्हणून?

नोएला, मला इतका राग आला, आणि त्याच क्षणी तिची कीवही आली. सतराव्या वर्षीचा तो घास तिच्या घशात अजून अडकलेला होता. तिमोतेने मान वळवून तिच्या काळ्या झग्याला तोंड लावलं, तशी ती रडायला लागली, चार दातांनी. मग डोळे पुसून तुझ्या बाबांना म्हणाली की हा दोरखंड डुकराला बांधा, आणि कोणी काही विचारलं तर आग्लाएचा हुकूम आहे म्हणून सांगा. तुझे बाबा तोवर दुसऱ्या पायाशी उकिडवे बसून खाजवत होते. तू जन्मलीस त्या दिवशी हा टोपीत मावला होता, असं ते तीनदा म्हणाले.

लग्नाला तिमोतेही येतोय. त्याला सकाळी लवकर निघायला सांगते.

लोभ होता तसाच आहे, आता निर्धास्त झालाय.

तुझी आत्या

माहे
३० सप्टेंबर १९५७

ति. ताईस,
नव्या आजोबांचा शि. सा. न. वि. वि.

नोएलाला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. लग्नाच्या वरातीतून निघालेला तिमोते सगळ्यांची कॉफी पिऊन झाल्यावर चर्चला पोचला, हे इथे लोक अजून एकमेकांना सांगतात. तब्येत कशी आहे त्याची?

काल मादाम आग्लाए बारशाचा आहेर घेऊन आली. कासवाचं पिल्लू आहे, मुठीएवढं. मला म्हणाली की लग्नासाठी आहे, नीट खायला घाला. ती गंभीर होती की नाही, मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. पुढच्या आठवड्यात शुक्रवारच्या गलबताने त्याला माझ्या टोपीतून तुझ्याकडे आणतो.

लोभ टोपीत मावेल तेवढा सोबत आणतोच.

गास्तों

ला दीग
४ ऑक्टोबर १९५७

चि. गास्तोंस,
आजीबाईंचे अनेक आशीर्वाद, छोटीला त्याहून जास्त.

पिल्लाला आणच. त्याला तिमोतेने एकदा हुंगलं की मग टब त्याच्या स्वाधीन करते. तिमोतेचं वजन एकशेवीस. ओनेझिम हल्ली रविवारी पाल्याची जुडी घेऊन येतो आणि उभाच राहतो. त्याला मी अजून बसायला सांगितलेलं नाही.

मादाम आग्लाएचं मनावर घेऊ नकोस. मी हिशेब केला. छोटीचं लग्न बाविसाव्या वर्षी धरलं, तर तेव्हा मी म्हातारीच्या आजच्या वयाची असेन, आणि माझे दातही तितकेच उरतील. त्या दिवशी खाणारी म्हातारी नसेल, वाचवणारी आत्या बहुधा नसेल, तू असशील की नाही देव जाणे. नक्की असतील ते हे दोघंच. म्हणून हे पत्र छोटीच्या जन्माच्या दाखल्याबरोबर जपून ठेव. तिच्या लग्नात देग घेऊन जो कोणी येईल, त्याला एवढंच सांगायचं, की आधी मागच्या पायाच्या बेचक्यात खाजवा, मग देगीचं बोला.

लोभ तिमोतेच्या चालीने वाढला तरी चालेल, पण त्याच्याइतका टिकावा.

तुझी ताई,
फिलोमेन