काठावरून दिलेला आवाज

विठ्ठलवाडी,
ता. ३ मार्च १९५७

प्रिय राघो,

तुझं पत्र आणि फेटा, दोन्ही पोचलं. फेटा तुझ्या कारभारणीने, सगुणेने निवडला असणार, तुला, मेल्या, रंगातलं कधी काही कळलं नाही. पत्र तीनदा वाचलं. चैत्रात कल्याणच्या जत्रेतली शेवटची, मानाची कुस्ती तुझ्या भावाची, पंढरीची, ठरली आहे, आणि मी फेटा बांधून फडाच्या काठावर बसावं, त्याला डाव सांगावा, असं तू म्हणतोस. राघो, मी येणार नाही. गुडघे गेलेत म्हणून नाही, आणि रजा मिळत नाही म्हणूनही नाही. राखणदार दोन दिवस नसला तर इथल्या कारखान्याला कळणारसुद्धा नाही. कळव्याला तुझ्याकडे गाडीने यायला तासही लागत नाही, तरी पत्र लिहितोय, कारण तुझ्या तोंडासमोर हे माझ्याच्याने निघालं नसतं. आजवर माझी पत्रं पोस्टातला कारकून लिहून द्यायचा. हे माझ्याच मोडक्या बोटांनी लिहिलंय, अक्षर लावून घे.

तुझ्या पत्रात ओळीओळीला वस्ताद. इथे मला कुणी वस्ताद म्हणत नाही. गेटावरचे कामगार माझे कुस्तीत फुगलेले कान बघून हसतात, विचारतात, म्हातारबा, उंदराने कुरतडले काय? त्यांना काय सांगू? मी कुठल्या राजाच्या पदरी नव्हतो, कुणी मला दूध-बदाम लावून दिले नव्हते. मिठागरावर दिवसभर फावडं मारायचं, मग जोर काढायचे, आणि पिशवीत लंगोट टाकून मुरबाड, वाडा, वसई, जिथे फड लागेल तिथे चालत जायचं. वीस वर्षं अशी काढली. हाती काय आलं, तर नारळ, फेटे आणि हे गुडघे. संस्थानं गेली तेव्हा राजांच्या पदरचे मोठमोठे पैलवान रडले. मला हसू आलं, म्हटलं, या आता आमच्या रांगेत! पुढे मुंबईत ते तिकिटाच्या कुस्तीचं खूळ निघालं. दोऱ्यांच्या आत, गादीवर, कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं. मी त्याला तमाशा म्हणायचो, तालमीत नावसुद्धा काढू द्यायचो नाही. पण खरं सांगू? मला त्यांनी कधी बोलावलंच नाही.

तुला आठवतं का, तू माझ्या कळव्याच्या तालमीत आलास तेव्हा तुझ्या डोळ्यांवर फडकं बांधून मी सहा महिने तुला लढवलं होतं. समोरचा कुठे आहे, काय करतोय, सगळं मी काठावरून सांगायचो. माझा आवाज आला की हात आधी हलला पाहिजे, विचार नंतर, हा आपल्या तालमीचा कायदा. दुसऱ्या तालमींतले वस्ताद टिंगल करायचे. पण तुझ्यासारखा ऐकणारा पठ्ठा ठाणे जिल्ह्यात दुसरा नव्हता. मी उजवीकडे म्हणायचो आणि माझं तोंड मिटायच्या आत तू उजवीकडे असायचास.

मग एकोणपन्नास सालची ती जत्रा. मुंबईचा तिकीटवाला ठेकेदार तुला बघून गेला होता. कल्याणची कुस्ती मारलीस की तुला नेणार, असं म्हणाला होता. तू धावत आलास, पेढा आधी माझ्या तोंडात घातलास. मी तुझ्या पाठीवर थाप मारली आणि पोटात असं दुखलं म्हणून सांगू! मला न विचारता तू हो म्हणून आला होतास. तू गेलास की तालमीत उरणार चार किडकिडीत माणसं, आणि मी. घरी येऊन मी देवासमोर बसलो, पण देवाला मागू काय? तू जिंकावंस असं माझ्या तोंडून येईना.

त्या कुस्तीची गोष्ट तू सगळ्यांना सांगत फिरतोस, मलाही पत्रात पुन्हा लिहिलीस. आता माझ्याकडून ऐक. भिवंडीचा तो आडदांड गडी तुझ्याखाली पालथा पडला होता. कब्जा तुझा होता. त्याचा दम तुटलेला मला काठावरून दिसत होता. एक घिस्सा ओढायचा, आणि तो उताणा. सगळा फड उभा राहिला होता. तेवढ्यात मी ओरडलो, सोड, उठव त्याला, ढाक मार! आणि तू सोडलंस. वेड्या, जिंकलेली कुस्ती सोडलीस, क्षणभरसुद्धा थांबला नाहीस. ढाकेने त्याला फेकताना सगळा भार तुझ्या डाव्या खांद्यावर येणार होता. तो खांदा पंधरा दिवसांपूर्वी लचकला होता, आणि हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, तुला आणि रोज तेल चोळणाऱ्या मला. हाड मोडल्याचा आवाज मला काठावर ऐकू आला.

मी चुकून ओरडलो नाही, राघो.

तुला उचलून नेताना तू माझे पाय धरलेस, म्हणालास, वस्ताद, तुमचा डाव बरोबर होता, मीच कमी पडलो. आणि मी काय केलं? मान हलवली. वर म्हटलं, घाई केलीस. आठ वर्षं झाली. तुझा हात अजून कानाच्या वर जात नाही, मिठाची पाटी तू एकाच खांद्यावर वाहतोस, आणि माझा फोटो देवाजवळ लावतोस. तालीम तरी राहिली का? दोन वर्षांत बंद पडली. तुझ्या तोंडाकडे बघवेना म्हणून मी कळवा सोडलं, आणि तुला सांगितलं की इथल्या बहिणीला आधार हवाय.

हे सांगायचं धाडस मला पश्चात्तापाने आलं असं समजू नकोस. पश्चात्ताप आठ वर्षं होताच, त्याने काही झालं नाही. तुझ्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, मुंबईचे लोक पंढरीला बघायला येणार आहेत, जिंकला तर त्याला नेणार. ती वाचली आणि मला आनंद झाला नाही. तेच दुखलं, त्याच जागी. म्हातारा झालो, दात पडले, आणि हे मेलं अजून जिवंत आहे. म्हणून फेटा परत पाठवतोय. पंढरीला तू माझ्याच पद्धतीने तयार केलं असशील, डोळ्यांवर फडकं बांधून. ते आजच्या आज सोड. त्याला शिकव, हातात पकड आली की काठावरून कुणीही ओरडो, सोडायची नाही. आणि त्या दिवशी मी फडावर आलेलो दिसलो, तर चार माणसं लावून मला बाहेर काढ.

तुझाच,
गुणाजी
(मागे वस्ताद लावू नकोस.)