अर्ज क्रमांक चार

बुधवार, १४ मे

प्रिय टाचणी,

सप्रेम सलाम. तुझं पत्र पोचलं. तू वॉर्डाची मुख्य परिचारिका झालीस हे तुझ्या वहिनीने शेजारणीला दोनदा सांगितलं, आणि तेही स्वतःलाच बढती मिळाल्यासारखं. जावईबापूंचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, जिने चढणं कमी करा आणि बायकोचं ऐकणं वाढवा. इथे आम्ही सगळे प्रभूच्या कृपेने बरे आहोत.

दुकान बरं चाललंय. लोक नवे सोफे घेण्यापेक्षा जुनेच पुन्हा शिवून घेतात, आपलं पोट त्यावर चालतं. बाबांना मोतीबिंदू झालाय. ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, पण तोवर गप्प बसतील तर ते बाबा कसले. गेल्या आठवड्यात वकीलबाईंचा सोफा उसवला. आतून सात नाणी निघाली, कानातल्याची एक फिरकी आणि अर्धं बिस्किट. बाबांनी नेहमीप्रमाणे सगळं पाकिटात घातलं आणि बिलाला टाचून दिलं.

वकीलबाई हसायला लागल्या. "अहो, बिस्किट तरी ठेवायचं."

"तुमचं आहे," बाबा म्हणाले. "खायचं की टाकायचं ते तुम्ही ठरवा."

बाबांची ही रीत तुला ठाऊक आहे. मी उगाच पाल्हाळ लावतोय, कारण मुद्द्यावर यायला पाय उचलत नाहीये.

मुद्दा असा. चर्चमंडळीच्या मदतनिधीची किल्ली बाबा खाली ठेवताहेत. तीस वर्षं झाली. आता अर्ज वाचता येत नाहीत म्हणतात. रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव सुचवलं. लोकांनी माना डोलावल्या. बेकरीवाले काका म्हणाले, "झाडाचं फळ झाडाखालीच पडणार." मी बूट पुसायचं निमित्त करून खाली वाकलो.

निधीचं काम कसं चालतं ते तू आतून कधी पाहिलं नाहीस. आलेला प्रत्येक अर्ज बाबा आपल्या हाताने पुन्हा लिहून काढतात. नाव नाही, पत्ता नाही, फक्त क्रमांक. मग बाबा, शिक्षिकाबाई आणि बेकरीवाले काका असे तिघं बसतात आणि तिघांचं एकमत झालं तरच पैसे निघतात. ज्याचं अर्जदाराशी काही नातं किंवा देणंघेणं असेल, त्याने न बोलता उठून बाहेर जायचं, मग उरलेल्यांनी एकमताने ठरवायचं. बाबा इतक्या वेळा बाहेर जात की शिक्षिकाबाई त्यांना म्हणायच्या, "तुम्ही खुर्ची दारातच घ्या." तो टेम्पोवाला आठवतो? सीट शिवून घेऊन पैसे बुडवून गेलेला. त्याच्या बायकोच्या औषधांचा अर्ज आला तेव्हाही बाबा उठले. त्यांचं म्हणणं, माझे पैसे त्याच्याकडे अडकलेत, माझं मन स्वच्छ नाही. नंतर स्वतःच्या कमाईतला देवाचा दहावा वाटा, दशांश, तिच्याच हातात नेऊन दिला.

तुझ्या परिचारिकेच्या कोर्सच्या फीचा अर्ज आला, त्या वर्षी बेकरीवाले काका आजारी होते. त्यांच्या जागी मी बसलो होतो. हे तुला कुणी सांगितलं नाही, कारण आत काय झालं ते बाहेर बोलायचं नाही, असाही नियम आहे.

अर्ज क्रमांक चार. बाबांनी तो टेबलावर ठेवला आणि उठून बाहेर गेले.

टाचणी, मी तेव्हाच ओळखलं. फीची रक्कम तीच, कोर्स तोच. मीही उठायला हवं होतं. भाऊ होतो तुझा. पण नाव लिहिलेलं नाही, म्हणजे मला माहीत नाही, असं मी स्वतःला पटवलं. शिक्षिकाबाई हो म्हणाल्या. मी नाही म्हटलं. कारण दिलं की दोन वर्षांचा खर्च एकाच अर्जावर नको. बाईंनी अर्ज पालथा ठेवला.

पुढे मी मनाची समजूत घातली की बाबांची अब्रू राखली, लोक म्हणाले असते घरातच वाटून घेतात. ते खोटं आहे. आईच्या आजारपणात माझा ड्रॉइंगचा कोर्स सुटला होता. मला जे मिळालं नाही ते तुला का मिळावं, एवढंच माझ्या पोटात होतं. आणि माझा कोर्स तरी कुणी सोडायला लावला? बाबा दोनदा म्हणाले होते, निधीकडे अर्ज कर. माझा मान आडवा आला.

तू बाबांना काय बोललीस ते मी जिन्यात उभा राहून ऐकलं. "किल्ली तुमच्या हातात असून पोटच्या पोरीला नाही म्हणालात." ते फक्त म्हणाले, "मंडळीने नाही म्हटलंय." 'मी खोलीत नव्हतो' हे एक वाक्य त्यांनी बोलायचं होतं, की सुटले असते. बोलले नाहीत. तू मावशीकडे गेलीस. हॉस्पिटलच्या धुलाईघरात चार वर्षं चादरींच्या घड्या घालून तू फी जमवलीस. चार वर्षं. ती मी घेतली तुझी.

त्यांनी मोठं शिलाई यंत्र विकून तुला मनिऑर्डर केली होती. तू ती न घेता परत पाठवलीस. ते पैसे आजही वेगळ्या खात्यात आहेत. मागच्या वर्षी छप्पर गळायला लागलं तेव्हा मी म्हटलं, तूर्तास त्यातून घेऊ. "तिचे आहेत," म्हणाले आणि बादली सरकवली. नऊ वर्षं जाड कापड ते हातानेच शिवतात.

सोमवारी मी दुकानात म्हटलं, "बाबा, मला किल्ली नको."

त्यांनी तोंडात खिळे धरलेले होते. एकेक काढून त्यांनी तळहातावर ठेवले. "का?"

"अर्ज क्रमांक चार."

"हं."

"तुम्हाला माहीत आहे?"

"बाहेरून आत आलो तेव्हाच कळलं. तू पाणी पीत होतास, ग्लास रिकामा होता."

"मग तिला सांगितलं का नाही? नऊ वर्षं ती तुम्हाला बोल लावतेय."

"सांगायचं तुझं होतं. दुसऱ्याचं आपण कसं खर्चायचं?"

"आणि पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं तेव्हा?"

"मी म्हटलं, त्यालाच विचारा. मलाही बघायचं होतं, तू हो म्हणतोस का." मग खिळे पुन्हा तोंडात धरले आणि मला गादीची कड ताणून धरायला सांगितली.

आजवर मला वाटायचं, पैशाला हात न लावणं म्हणजे कारभारीपण. या माणसाने माझी लाजसुद्धा नऊ वर्षं जपून ठेवली, त्यातलं काही स्वतःच्या सुटकेसाठी वापरलं नाही. असा माणूस माझा बाप आहे आणि त्याला तुझ्या नजरेतून मी उतरवलं.

हे पत्र टाकून मी पाळकसाहेबांकडे जातोय. शिक्षिकाबाई आणि बेकरीवाले काकाही येतील. त्यांच्यासमोर हेच सगळं सांगणार. किल्ली कुणाकडे द्यायची ते मग त्यांनी ठरवावं.

मला उत्तर पाठवू नकोस असं म्हणणार नाही, पण त्याची घाई नाही. बाबा सकाळी सात ते आठ दुकानात एकटे असतात. मी त्या वेळेत येणार नाही. दुकानाच्या फोनचा नंबर बदललेला नाही, आणि घंटा वाजली की ते हातातलं काम टाकून उचलतात.

तुझ्या अर्जाला ज्याने नाही म्हटलं, तो
तुझा दादा