द्राग्नेवाबाईंचा दोरा

वार्ना, १९ मार्च

प्रिय कामेनदादा,

आम्ही दोघी इथे खुशाल आहोत. हॅम्बुर्गच्या थंडीत तूही तब्येतीला जप. आई फोन का उचलत नाही म्हणून विचारलंस. ती बरी आहे. गुडघे कुरकुरतात, ते नेहमीचंच.

माझं प्रशिक्षण जोरात चाललंय. होणाऱ्या मॅनेजरने आधी हॉटेलातली सगळी कामं करायची, हा हॉटेलचे मालक वेल्चेवसाहेबांचा नियम. म्हणून मी चादरी घातल्या, संडास घासले, आई राबते त्याच स्वयंपाकघरात बटाटे सोलले. काय हसलो तेव्हा! "साहेबीणबाई, साल जाड निघतेय!" असं ती सगळ्यांदेखत ओरडायची.

आता शेवटचा धडा, अंतर ठेवण्याचा. नोकरांपैकी कुणाशी ओळख दाखवायची नाही, प्रत्येकाला आडनावाने हाक मारायची. त्यामुळे आई आता माझी द्राग्नेवाबाई. आडनाव माझंही तेच आहे म्हणा.

सोमवारी साहेबांनी मला सगळ्यांचे हात तपासायला लावले. स्वयंपाकघरात मनगटं मोकळी हवीत. आईच्या मनगटावर एक मार्चला तुझ्या नावाने बांधलेला लाल-पांढरा दोरा होता. वसंताचा पहिला करकोचा दिसण्याआधी दोरा सुटला तर ज्याच्या नावाचा त्याच्यावर संकट येतं, म्हणून ती तो सोडत नाही, आणि तू बांधकामाच्या परांचीवर चढायला लागल्यापासून तर मुळीच नाही.

"बाहीखाली झाकते की," ती म्हणाली.

साहेबांनी माझ्या हातात कात्री दिली. "दोरा जाईल, नाहीतर बाई जाईल. मॅनेजर तुम्ही आहात, ठरवा."

तिची नोकरी गेली तर खोलीही जाते, हॉटेलचीच आहे ती.

"काप गं," आई म्हणाली. मी कापला. दादा, तुला काही झालं तर? मी रोज जीव मुठीत धरून असते.

तेव्हापासून ती मला घरीही मॅडम म्हणते. एक खोली, दोन पलंग, जाऊ कुठे? मी नोकरी सोडली तर साहेब तिलाही काढतील, मग तीही रस्त्यावर येईल. तुझा फोन वाजला की ती बाहेर निघून जाते. तुझ्याशी खोटं बोलणं तिला जमत नाही.

काल मात्र तिने स्वतःहून तोंड उघडलं.

"मॅडम, रविवारी दुपारी सुट्टी द्याल का? मुलाशी निवांत बोलायचंय. हातात दोरा नाही, हे त्याला सांगायला हवं. जपून चढेल तरी."

ती पलंगावर बसली होती, घरच्या झग्यात. आणि माझ्या तोंडून निघालं, "अर्ज द्या, द्राग्नेवाबाई."

जपून चढ रे.

तुझी बहीण, अजून तरी,
स्नेझिना